स्टॅटिस्टिक्स शेवटच्या वर्षावर ढकलू नकोस

पत्र असं आलंय:

"ताई, मी अमेरिकेत क्रिमिनल जस्टिसच्या बॅचलर्सला आहे, पहिलं वर्ष. पुढच्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशन अडीच आठवड्यांवर आलंय. मी चारही वर्षांचा एक्सेलमध्ये प्लॅन केलाय. सीरियल किलर्सवरचा कोर्स, क्रिमिनल प्रोफायलिंग, फॉरेन्सिक्सची ओळख हे सगळं दुसऱ्या वर्षातच घेणार, कारण त्यासाठीच तर मी ही डिग्री निवडली. स्टॅटिस्टिक्स आणि रिसर्च मेथड्स शेवटच्या वर्षाला ठेवलेत, मला मॅथ्सची भीती वाटते. इंटर्नशिप शेवटच्या सेमिस्टरला. पुढे एफबीआय, नाहीतर क्राइम लॅब, नाहीतर लॉ स्कूल, नक्की काहीच नाही. आई म्हणते आधी ठरव, बाबा म्हणतात सगळं थोडं थोडं घे. प्लॅन बरोबर आहे का?"

अगं, तुझा प्लॅन मी दोनदा वाचला, आणि पहिली गोष्ट ही की पहिल्या वर्षाला असताना चार वर्षांचं कागदावर मांडून बघणारी मुलं फार कमी भेटतात, त्यामुळे तू घाबरू नकोस, पाया चांगलाय. पण क्रम उलटा लागलाय. जे शेवटी ठेवलंयस ते आधी यायला हवं आणि जे आधी ठेवलंयस त्यातलं बरंचसं तिसऱ्या-चौथ्या वर्षाला गेलं तरी काही बिघडत नाही, उलट तेव्हा ते जास्त कळेल.

आधी ते तीन स्वप्नांचं बघू, कारण आई काहीही म्हणो, आत्ताच सगळं ठरवायची गरज नाही, पण एक गोष्ट मात्र खरंच आत्ता ठरवावी लागेल. ती म्हणजे क्राइम लॅब.

लॅबमध्ये जे लोक डीएनए किंवा ड्रग्ज किंवा ट्रेस एव्हिडन्स, म्हणजे धागे-केस असले बारीक पुरावे, तपासतात ते क्रिमिनल जस्टिसचे ग्रॅज्युएट नसतात गं, ते केमिस्ट्री, बायोलॉजी किंवा फॉरेन्सिक सायन्सचे असतात. तुझ्या डिपार्टमेंटचा "फॉरेन्सिक्सची ओळख" हा कोर्स पोलिसांना आणि वकिलांना लॅबचा रिपोर्ट वाचता यावा म्हणून असतो, तो घेऊन कोणी तुला पिपेट हातात देणार नाही. डीएनए अ‍ॅनालिस्टसाठी तर एफबीआयच्या क्वालिटी स्टँडर्ड्समध्येच लिहिलंय की बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, मॉलेक्युलर बायोलॉजी हे विषय कॉलेजात झालेले पाहिजेत, आणि स्टॅटिस्टिक्स किंवा पॉप्युलेशन जेनेटिक्ससुद्धा. आता हे विषय एकावर एक रचलेले असतात, जनरल केमिस्ट्रीचे दोन सेमिस्टर झाल्याशिवाय ऑर्गॅनिकला बसता येत नाही, ऑर्गॅनिक झाल्याशिवाय बायोकेमला नाही, म्हणजे तू दुसऱ्या वर्षाला केमिस्ट्री सुरू केलीस तरी सगळी साखळी संपता संपता चौथं वर्ष उजाडतं, आणि तिसऱ्या वर्षाला जागी झालीस तर एक-दोन वर्षं जास्तीची लागणार हे धरून चाल. म्हणून या अडीच आठवड्यांत स्वतःला एवढंच विचार की मला लॅबमध्ये दिवसभर उभं राहून केमिस्ट्री करायला आवडेल का. गुन्ह्याचा छडा लागताना बघायला आवडतं ही वेगळी गोष्ट आहे. उत्तर हो असेल तर पुढच्या सेमिस्टरला जनरल केमिस्ट्री घे आणि मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, बदलायचं बोलून ठेव. नाही असेल तर लॅब हा शब्द एक्सेलमधून काढून टाक, मनावरचं एक ओझं कमी होईल.

बाकीची दोन दारं अशी लवकर बंद होत नाहीत. लॉ स्कूलला कुठलाही ठरावीक मेजर लागत नाही, अमेरिकन बार असोसिएशन ही वकिलांची संघटना स्वतः अमुकच विषय घ्या असं सांगत नाही, तिथे मार्क्स, एलसॅट किंवा तशी प्रवेश परीक्षा, आणि लिहिता-वाचता किती नीट येतं हे बघतात. एफबीआयच्या स्पेशल एजंटसाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ते तुझ्याकडे आहे की नाही तू लिहिलं नाहीस, नसेल तर हा विचार आधी कर. वय कमीत कमी २३, अर्ज ३६ वर्षांची व्हायच्या आत, आणि बॅचलर्सनंतर साधारण दोन वर्षांची फुलटाइम नोकरी. म्हणजे डिग्री हातात पडली आणि लगेच एजंट झाले असं होत नाही, मधली दोन वर्षं तू कुठे काम करशील याचाही विचार प्लॅनमध्ये हवा. आणि त्यांना फक्त क्रिमिनल जस्टिसवालेच हवे असतात असं अजिबात नाही, अकाउंटिंग येणारे, कॉम्प्युटर येणारे, परकी भाषा बोलणारे, वकील, सायन्सवाले, सगळे लागतात. तेव्हा तुझ्या मेजरपेक्षा तुझा मायनर, म्हणजे जोडीला घेतलेला दुय्यम विषय, तिथे जास्त बोलेल, त्याच्याकडे मी नंतर येते.

आता स्टॅटिस्टिक्स. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मला हे मनापासून वाटतं.

आपल्या विषयात प्रत्येकाला वाटत असतं की उत्तर माहितीये. जास्त पोलीस फिरवा म्हणजे गुन्हे कमी होतील, वाया चाललेल्या पोरांना तुरुंग दाखवा म्हणजे सुधारतील, मार्गदर्शन करा म्हणजे मार्गाला लागतील. आणि आपल्या विषयाचा इतिहास म्हणजे अशी उत्तरं चुकीची निघाल्याचाच इतिहास आहे. १९७२-७३ मध्ये कॅन्सस सिटीत पोलिसांच्या १५ बीट्सचे, म्हणजे गस्तीच्या भागांचे, तीन गट केले, काहींत नेहमीची गस्त, काहींत गस्तच नाही फक्त फोन आला तर जायचं, काहींत दुप्पट-तिप्पट गाड्या. वर्षभराने बघितलं तर गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक नाही, लोकांना वाटणाऱ्या भीतीत नाही, बहुतेकांच्या तर लक्षातही आलं नाही की गस्त वाढलीये का कमी झालीये.

दुसरं उदाहरण माझ्या मनातून कधीच जात नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली केंब्रिज-सॉमरव्हिल नावाचा प्रकल्प सुरू झाला, ५०६ मुलगे, जोड्या लावून दोन भाग केले, अर्ध्यांना कौन्सेलर दिले, घरी येणं-जाणं, अभ्यासाला मदत, समर कॅम्प, सगळं अगदी प्रेमाने, आणि अर्ध्यांना काहीच नाही. तीस वर्षांनी जोन मकॉर्ड या संशोधिकेने त्या मुलांना, म्हणजे तोवर बाप्ये झाले होते ते, पुन्हा शोधून काढलं. मदत मिळालेल्यांतले बरेच जण म्हणाले की आम्हाला त्याचा फार फायदा झाला. पण आकडे बघितले तर मदत न मिळालेल्यांपेक्षा यांचंच वाईट झालं होतं, पुन्हा गुन्हा करण्यात हेच पुढे, दारूच्या व्यसनात हेच, लवकर वारण्यातही हेच. १९७८ मध्ये तिने ते छापलं. आता तूच सांग, तुलना करायला तो दुसरा अर्धा गट नसता तर हे कधी कोणाला कळलं असतं का? सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली असती आणि तेच आणखी दहा गावांत सुरू केलं असतं. तुरुंगात नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून पोरांना दम द्यायचे कार्यक्रम १९७० च्या दशकात असेच गाजले, आणि नंतर नऊ प्रयोग एकत्र करून बघितले तर ज्या पोरांना नेलं ती न नेलेल्यांपेक्षा जास्त गुन्ह्यांत सापडली.

म्हणून म्हणते की रिसर्च मेथड्स आणि स्टॅटिस्टिक्स हे मॅथ्सचे पेपर नाहीत गं. "याला शिक्षा द्या", "त्याला सोडा", "हा कार्यक्रम चालू ठेवा" असं म्हणताना आपण खरं बोलतोय का हे तपासायचं ते साधन आहे, आणि आपल्या चुकीची किंमत कोणीतरी तुरुंगातल्या वर्षांनी भरत असतं. ते साधन चौथ्या वर्षाला हातात घेतलंस तर मधली तीन वर्षं तू जे वाचशील ते नुसतं विश्वासावर वाचशील. सीरियल किलरचा कोर्स बघ, प्रोफायलिंगच्या, म्हणजे गुन्ह्यावरून गुन्हेगार कसा असेल ते ओळखण्याच्या, दाव्यांमागचा पुरावा किती कच्चा आहे हे तिथे प्रोफेसर सांगतील तेव्हा ते तुला नीट समजायला हवं असेल तर सँपल म्हणजे काय आणि कंट्रोल ग्रुप, म्हणजे वरच्यासारखा तुलनेचा गट, म्हणजे काय हे आधीच माहीत असलं पाहिजे. फॉरेन्सिक्सचंही तेच, २००९ मध्ये नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या रिपोर्टने सांगितलं की डीएनए सोडलं तर पुरावा अमुक एका माणसाशीच जुळतो असं खात्रीने म्हणण्याइतपत शास्त्रीय आधार बाकी कुठल्याच पद्धतीला दाखवता आलेला नाही, आणि २०१५ मध्ये एफबीआयने मान्य केलं की मायक्रोस्कोपखाली केस जुळवण्याबद्दल त्यांच्या तज्ज्ञांनी कोर्टात दिलेल्या ज्या साक्षी तपासल्या त्यातल्या किमान ९० टक्क्यांत चुकीची विधानं होती. ९० टक्के. त्यात फाशीची शिक्षा झालेल्यांचेही खटले होते.

भीती वाटते म्हणालीस, ती खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण या कोर्समध्ये कॅल्क्युलस नसतं, टक्केवारी, सरासरी, दोन गटांतला फरक योगायोगाने आलाय का खरा आहे, एवढंच असतं आणि गणित सॉफ्टवेअर करतं. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरला स्टॅटिस्टिक्स घे, आणि त्या सेमिस्टरला बाकीचे कोर्स हलके ठेव, ट्युटरिंग सेंटरमध्ये पहिल्या आठवड्यापासून जा, नापास होऊ लागल्यावर नको. लगेच पुढच्या सेमिस्टरला रिसर्च मेथड्स, मधे गॅप पडला की विसरायला होतं. तुझ्या डिपार्टमेंटने क्रम उलटा ठेवला असेल, म्हणजे मेथड्स आधी आणि स्टॅट्स नंतर, तर तसं घे, पण दोन्ही दुसऱ्या वर्षात संपव.

मी स्वतः हीच चूक केली होती, स्टॅटिस्टिक्स शेवटच्या वर्षाला ठेवलं, आणि कॅपस्टोनचा, म्हणजे डिग्रीच्या शेवटचा मोठा, प्रोजेक्ट त्याच वर्षी होता ज्याला ते आधी झालेलं लागत होतं, त्यात इंटर्नशिपही शेवटच्याच सेमिस्टरला, तुझ्यासारखीच. ज्या ऑफिसात इंटर्नशिप मिळाली होती तिथला बॅकग्राउंड चेक वेळेत झालाच नाही, सेमिस्टर सुरू होऊन महिना उलटला, जागा गेली, आणि मला एका इंटर्नशिपपायी आणखी एक सेमिस्टर थांबावं लागलं. त्याची फी भरताना घरच्यांना किती ओढाताण झाली ते मला अजून आठवतं. म्हणून सांगते, इंटर्नशिप तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, फार तर चौथ्याच्या पहिल्या सेमिस्टरला ठेव आणि अर्ज त्याच्या निदान सहा महिने आधी कर. पोलीस, प्रोबेशन (तुरुंगाऐवजी बाहेर देखरेखीखाली ठेवतात ते), प्रॉसिक्युटरचं म्हणजे सरकारी वकिलाचं ऑफिस, कुठेही गेलीस तरी बोटांचे ठसे, जुने पत्ते, कधीकधी ड्रग टेस्ट होते. राज्याच्या कायद्याने गांजा चालत असला तरी फेडरल कायद्यात तो अजून बेकायदाच आहे आणि फेडरल नोकरीच्या अर्जात त्याबद्दल विचारतात, खोटं बोललीस तर ते खाल्ल्या-ओढल्यापेक्षाही वाईट ठरतं, हेही आत्ताच डोक्यात राहू दे. लवकर इंटर्नशिप करायचा आणखी एक फायदा, नाही आवडलं तर बदलायला वेळ असतो. माझ्या ओळखीतली एक मुलगी पोलिसात जायचंच म्हणून आली होती, तिसऱ्या वर्षाला पीडितांना मदत करणाऱ्या ऑफिसात तिला जागा मिळाली, आणि ती आज तेच काम करते.

तुझ्या यादीत मला आणखी एक खटकलं, सगळे कोर्स गुन्हा आणि तपास याच बाजूचे आहेत. १९६७ साली प्रेसिडेंट जॉन्सनच्या गुन्हेगारीवरच्या कमिशनचा रिपोर्ट आला त्यात पोलीस, कोर्टं आणि करेक्शन्स, म्हणजे तुरुंग-प्रोबेशन वगैरे, ही एकच साखळी आहे असं मांडलं होतं, आणि पोलिसांकडे पुढे बॅचलर्स डिग्री असावी असंही त्यात होतं, पुढच्याच वर्षीच्या कायद्यानंतर फेडरल पैसा आला आणि या डिग्र्या देशभर उघडल्या. म्हणजे तुझी डिग्रीच त्या साखळीच्या कल्पनेतून आलीये. मग तिची प्रत्येक कडी बघ. कोर्टांवरचा एक कोर्स घे, तिथे कळेल की खटला उभा राहून ज्युरीसमोर निकाल लागणं हा अपवाद आहे, दहातल्या नऊपेक्षा जास्त दोषी ठरणारे लोक गुन्हा कबूल करून, बहुतेकदा सौदा करूनच, दोषी ठरतात. करेक्शन्सचा एक घे, तुरुंगात जितके लोक आहेत त्यापेक्षा कितीतरी जास्त प्रोबेशनवर असतात आणि त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. ज्युवेनाइल जस्टिस घे, व्हिक्टिमॉलॉजी, म्हणजे पीडितांचा अभ्यास, घे. कॉन्स्टिट्युशनल क्रिमिनल प्रोसीजर तर लॉ स्कूलचा विचार असो नसो घ्यायचाच, १९६३ चा गिडियन, १९६६ चा मिरांडा, १९६८ चा टेरी, १९८५ चा टेनेसी विरुद्ध गार्नर, हे आरोपींचे हक्क आणि पोलिसांचे अधिकार यांवरचे सुप्रीम कोर्टाचे निकाल नीट, मूळातून वाचायला शिकलीस की लिहिणंही सुधारतं. हा कोर्स अवघड असतो, तिसऱ्या वर्षाला ठेव.

मायनर. बाबांचं "थोडं थोडं घे" इथे बरोबर आहे, फक्त विस्कळीत नको. एफबीआय आणि लॉ स्कूल दोन्ही मनात आहेत ना, मग अकाउंटिंग किंवा स्पॅनिश किंवा कॉम्प्युटर सायन्स यातला एक मायनर धर. माझं मत विचारशील तर अकाउंटिंग. व्हाइट कॉलर क्राइम, म्हणजे प्रतिष्ठित लोकांनी धंद्या-नोकरीत केलेले गुन्हे, हा शब्द एडविन सदरलँड या समाजशास्त्रज्ञाने १९३९ च्या एका भाषणात रूढ केला, तेव्हापासून आजपर्यंत पैशाचे गुन्हे वाचू शकणारी माणसं कमीच पडतायत, आणि बॅलन्स शीट वाचता येणारी मुलगी वकिलीतही उपाशी राहत नाही. भाषा निवडलीस तर पहिल्या दोन सेमिस्टरवर थांबू नकोस, तेवढ्याने साक्षीदाराशी बोलता येत नाही.

आता हे सगळं बसवायचं कसं. डिग्री साधारण १२० क्रेडिट्सची असते, म्हणजे आठ सेमिस्टरला १५-१५, त्यात मेजरचे चाळीसच्या आसपास आणि जनरल एज्युकेशनचे पण तेवढेच, उरलेल्यात मायनर आणि आवडीचे. जनरल एज्युकेशनला टाकाऊ समजू नकोस, तिथे सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, अमेरिकन गव्हर्नमेंट आणि लिहायचे दोन कोर्स घेऊन टाक, ते सगळे पुढे कामाला येतात. दुसऱ्या वर्षाला स्टॅट्स, मेथड्स, क्रिमिनॉलॉजीची थिअरी आणि मायनरची सुरुवात, सोबत तुझ्या आवडीचा एकच कोर्स ठेव, सीरियल किलर्सचा ठेवलास तरी माझी हरकत नाही, मन लागायला काहीतरी पाहिजेच. तिसऱ्याला कोर्टं, करेक्शन्स, प्रोसीजर, मायनर, आणि शेवटी इंटर्नशिप. चौथ्याला फॉरेन्सिक्सची ओळख, प्रोफायलिंग, व्हिक्टिमॉलॉजी, कॅपस्टोन. एक मात्र सांभाळ, लहान मुलांवरचे अत्याचार, लैंगिक गुन्हे, तुरुंग असे विषय एकाच सेमिस्टरला एकत्र घेऊ नकोस. दर आठवड्याला तीन कोर्समधून तेच वाचत राहिलं की झोप उडते, आणि अशी झोप उडणं म्हणजे आपण कमकुवत आहोत असं नाही.

एक्सेल बनवताना बहुतेक जण एक गोष्ट बघत नाहीत, ती म्हणजे कुठला कोर्स कुठल्या सेमिस्टरला असतो. काही कोर्स फक्त फॉलमध्ये असतात, काही वर्षाआड. कॅपस्टोन फक्त स्प्रिंगला असेल आणि तुझं मेथड्स राहिलं असेल तर पूर्ण वर्ष जातं. आणि तीनशे-चारशे नंबरचे, म्हणजे वरच्या पातळीचे, किती क्रेडिट्स लागतात तेही विचार, शंभरचे गोड कोर्स घेत गेलं की शेवटी हा आकडा भरत नाही.

अ‍ॅडव्हायजरची वेळ या आठवड्यातच घे, रजिस्ट्रेशनच्या आदल्या दिवशी नको, तेव्हा त्यांच्या दाराबाहेर रांग असते. जाताना एक्सेल आणि डिग्री ऑडिटचा, म्हणजे काय झालं आणि काय राहिलं याच्या कॉलेजच्या यादीचा, प्रिंट घेऊन जा आणि त्यांना हे चार विचार: स्टॅट्स आणि मेथड्स कधी कधी असतात, कॅपस्टोनला आधी काय काय लागतं, इंटर्नशिपचा अर्ज कधी उघडतो, आणि मी आत्ता मायनर धरला तर १२० मध्ये बसतं का. जे सांगतील ते ईमेलवर लिहून मागून घे, माणसं बदलतात, तोंडी सांगितलेलं पुढे कोणाला आठवत नाही. आणि त्याच आठवड्यात एखादी सकाळ रिकामी असेल तर जवळच्या काउंटी कोर्टात जाऊन मागे बस, अ‍ॅरेनमेंट, म्हणजे आरोपीला आरोप सांगायच्या सुनावण्या, चालू असतात, सहसा कोणालाही बसता येतं, एकेका माणसाला तिथे किती मिनिटं मिळतात ते घड्याळ लावून बघ.

केमिस्ट्रीचं काय ठरवलंस ते मला कळव, त्यावरून समरमध्ये काय घ्यायचं ते बघता येईल.

— तुझी ताई